खंड्याचं तोंड कुठल्या बाजूला?

रेवणसिद्ध हलकुडे सर लातुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मराठी शिकवत होते. या काळात फळ्यासमोर उभं राहून त्यांनी हजारभर सूर्योदय घडवून आणले, तितकेच सूर्य बुडवले, आणि नदीकाठच्या संध्याकाळींची तर मोजदादच नाही. पोरं म्हणायची, सर बोलायला लागले की डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. सर नम्रपणे मान हलवायचे. ‘डोळ्यांसमोर चित्र उभं राहणं’ हा त्यांच्या लेखी एक वाक्प्रचार होता. पोटात कावळे ओरडतात म्हणून कोणी पोटात कावळा शोधायला जात नाही, त्यातलाच.

डोळे मिटल्यावर माणसांना खरोखरच काहीतरी दिसतं, ही बातमी त्यांना पन्नाशी उलटल्यावर चंद्रशेखर बिराजदारांच्या केबिनमध्ये कळली.

बिराजदार म्हणजे ‘गरुडदृष्टी अकॅडमी’चे मालक. एके काळी भौतिकशास्त्र शिकवायचे, आता माणसं नेमून शिकवायचे. अकॅडमीच्या इमारतीत मजल्यामजल्यावर जुन्या गुणवंतांचे हार घातलेले फोटो होते. लिफ्टनं वर जाताना नवीन पालक हटकून हात जोडायचे, आणि ही पोरं जिवंत आहेत हे कळल्यावर गोंधळायचे.

“बसा सर,” बिराजदारांनी टेबलावरचा दिवा त्यांच्या तोंडाकडे वळवला. “डोळे मिटा. दिसंल ते बोला.”

दिवा फडफडायला लागला. मिटल्या पापण्यांवर उजेडाचे ठोके पडू लागले. सर वाट बघत राहिले.

“काय दिसायलंय?”

“राखाडी.”

“राखाडी काय? धूर? ढग? हत्ती?”

“राखाडी म्हणजे... राखाडीच.”

बिराजदारांनी दिवा बंद केला आणि तोळाभर सोनं पितळ निघावं तसं सरांकडे पाहिलं. “सर, माझ्या ड्रायव्हरला मोर दिसला. शिपायाला त्याची मेलेली आत्या दिसली, अन् ती त्याला शिव्या द्यायली होती. मला स्वतःला मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसती. तुम्हाला काहीच नाही? तुम्ही तर साहित्यातले!”

त्यामागचं विज्ञान थोडक्यात असं. उजेड सेकंदाला साधारण दहा वेळा लुकलुकला, तर तो ठोका मेंदूच्या एका जुन्या सवयीशी जुळतो. डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूचा पाहणारा भाग त्याच सुमाराच्या लयीत झुलत असतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत गेलं तर झोका आभाळाला टेकतो, तशा या लाटा उसळतात. आता डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा नकाशा सरळ नाही. डोळ्यावरचं वर्तुळ मेंदूत पोचेपर्यंत सरळ रेघ झालेलं असतं. म्हणून मेंदूत नुसते पट्टे उठले, तरी त्याच्या मालकाला वर्तुळं, भोवरे, बोगदे नि जाळ्या दिसतात. इथवर सगळी माणसं सारखीच. पण मेंदूला अर्थाशिवाय राहवत नाही. भोवऱ्यात कोणाला नदी दिसते, कोणाला आत्या, कोणी जाळीपाशीच अडकतं, आणि काहींच्या वाट्याला नुसती राखाडी. कोणाला काय दिसतं याचा स्वभावाशी काही संबंध असावा, असं संशोधकांना आढळलं होतं. नव्याला सामोरी जाणारी, कशातही हरवून जाणारी माणसं जास्त पाहतात. ‘संबंध पुसट आहे’, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ‘अंतर्दीप’ नावाच्या कंपनीनं त्यातला ‘पुसट’ काढून यंत्र बाजारात आणलं.

सरकारला ते आवडायचं कारण वेगळं होतं. वैद्यकीय प्रवेशाच्या प्रश्नपत्रिका इतक्यांदा फुटल्या होत्या, की आता न फुटलेल्या प्रश्नपत्रिकेचाच लोकांना संशय येई. ‘अंतर्दीप’ची प्रश्नपत्रिका उमेदवाराच्या पापणीआड होती. तिला ना छापखाना, ना गठ्ठा, ना सील. ती फुटणार कशी? तेव्हा नव्या प्रवेश प्राधिकरणानं ‘प्रवृत्ती चाचणी’ सक्तीची केली. दिव्यासमोर डोळे मिटून बसायचं, दिसेल ते बोलायचं, आणि ते ऐकून यंत्र ठरवणार, की हा माणूस डॉक्टर व्हायच्या लायकीचा आहे की नाही.

“पेपर फुटत नाही, मान्य,” बिराजदार म्हणाले. “पण उत्तर तर पाठ करता येतंय की! दिसायचं काय ते तुम्ही लिहा सर. पोरं बघतील.”

“पण मला तर काही दिसतच नाही.”

“न बघता इतके सूर्योदय केलेच ना? अजून एक करा.”

सरांना नाही म्हणायचं होतं. पण त्यांची एकुलती एक लेक, राजनंदिनी, घरची नंदू, याच अकॅडमीत बारावीला होती, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ तिचं स्वतःचं होतं, आईबापानं भरवलेलं नव्हतं. त्यामुळे ते मोडायचीही सोय नव्हती.

घरी सरावाचा छोटा दिवा आला. सरांच्या बायकोनं, महानंदाबाईंनी, तो उलटसुलट करून पाहिला. त्या लाइटीच्या ऑफिसात होत्या.

“यासाठी वेगळा दिवा कशाला? आमच्या खात्याची लाइट पावसाळ्यात फुकटात असंच करती.”

“आई, तू बस ना आधी,” नंदू म्हणाली.

महानंदाबाई बसल्या. “मीटर दिसायलंय,” त्या म्हणाल्या. “उलटं फिरायलंय मेलं.” आणि घाबरून उठल्या.

मग नंदू बसली. तिचे ओठ जरासे उघडले.

“जांभळं... आता गोल गोल. विहीर आहे बाबा. मी खालून वर बघायलेय. काठावर म्हशी आहेत, पांढऱ्या. सगळ्या काठाकाठानं फिरायल्यात, एकामागं एक. शिंगांवर पणत्या—” ती एकदम ओरडली, “त्याच! बाबा, त्याच त्या बसमधल्या!”

सरांना ती बस आठवली. ती पाच वर्षांची असताना ते एसटीनं तिच्या मामाच्या गावाला, निलंग्याकडे चालले होते. तिन्हीसांजेची उन्हं, रस्त्याच्या कडेला सामाजिक वनीकरणानं लावलेल्या निलगिरीच्या सरळ रांगा. नंदू खिडकीच्या गजाला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती, आणि झाडाआडून झाडाआडून ऊन तिच्या चेहऱ्यावर लपकत होतं. “बाबा, म्हशी आल्या,” ती म्हणाली होती. “पांढऱ्या. विहिरीच्या काठानं फिरायल्यात. शिंगांवर पणत्या हायत. मला भ्याव नाही वाटायलं.” सरांना वाटलं होतं, पोरगी झोपेत बोलते आहे. पण शब्द लक्षात राहिले. त्यांच्या सगळं शब्दांतच लक्षात राहायचं. वारलेल्या वडलांचा चेहरा त्यांना आठवून आठवत नसे; वडील काय काय बोलले होते, ते मात्र स्वल्पविरामासकट पाठ होतं.

दिव्यासोबत आलेल्या सरावाच्या यंत्रानं निकाल वाचून दाखवला. “संवेदनशीलता, उच्च. स्थैर्य, शंकास्पद. बंदिस्त जागा, खालून पाहणे, जनावरांचा वेढा. शिफारस, नाही.”

“म्हशीत शंकास्पद काय आहे?” महानंदाबाई भडकल्या. “अर्धा जिल्हा दूध पितो त्यांचं!”

नंदू हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. “बाबा, आता? मी तर खरं तेच सांगितलं.”

त्याच संध्याकाळी सर लिहायला बसले. यंत्राला काय रुचतं ते बिराजदारांनी शोधून काढलं होतं. रंग हवेत, पण भडक नकोत. भोवरा हवा, पण तो पाण्यात विरघळला पाहिजे. सजीव हवा, पण चावणारा नको. शेवटी एखादा माणूस असला तर उत्तम, शक्यतो आजारी नि कृतज्ञ. सरांनी लिहिलं: ‘निळसर उजेडात वर्तुळे उमटत आहेत. ती तळ्यातली आहेत. काठावर उंबर, उंबराच्या फांदीवर एक खंड्या बसला आहे. तो पाण्याकडे एकटक पाहतो आहे. पलीकडच्या पायरीवर एक म्हातारी बसली आहे, ती माझ्याकडे पाहून हसते आहे.’ लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे काहीही नव्हतं. होतं ते एवढंच की ‘खंड्या’ हा शब्द ‘बगळ्या’पेक्षा ताजा वाटत होता.

यंत्रानं खंड्याला डोक्यावर घेतलं. “शिफारस, होय.”

अकॅडमीत मजल्यामजल्यावर खंड्या सुरू झाला. सकाळच्या बॅचला पोरं रांगेत दिव्यांपुढे बसत आणि एका सुरात म्हणत, “निळसर उजेडात वर्तुळे उमटत आहेत.” बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, एखादा नवा पंथ निघालाय. सर मागे हात बांधून फिरत, कोणी ‘खंड्या’ऐवजी ‘पक्षी’ म्हटलं तर थांबवत.

पहिले काही आठवडे ते पाठांतरच होतं. मग एके दिवशी अकॅडमीच्या जिन्यात दोन पोरं एकमेकांची गचांडी धरून उभी दिसली.

“सर, ह्याला सांगा! खंड्याचं तोंड डावीकडंय.”

“हॅट! उजवीकडं. मला रोज दिसतंय. सर, तुम्हीच सांगा, कुठल्या बाजूला?”

सर जिन्यातच थिजले. त्यांच्या खंड्याला तोंडच नव्हतं. तो एक शब्द होता, अडीच अक्षरांचा. “रोज दिसतं म्हणजे?” त्यांनी विचारलं. “म्हणजे लक्षात राहिलंय, असंच ना?”

“नाही सर. दिसतंय. दिवा लागला की येऊन बसतंय.”

गुरुजनांना प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसलं तर ते जे करतात तेच सरांनी केलं. “डावीकडे,” ते ठामपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या बॅचला खंड्या डावीकडे तोंड करून बसलेला दिसला.

ही वार्ता बिराजदारांनी पेढे वाटून साजरी केली, आणि पेढ्यांबरोबर खंड्या जिल्ह्यातल्या बाकीच्या क्लासांतही पोचला. सरांनी मात्र शोधाशोध करून वाचलं, तेव्हा कळलं की यात नवल काही नव्हतं. लुकलुकता उजेड म्हणजे ओला चुना. त्यावर मेंदू आपल्या जवळचं काहीतरी रेखतो. पण ऐन त्या वेळी कोणी कानात दुसरंच सांगत राहिलं, तर तेच उमटतं, आणि रोज उमटत राहिलं तर वाळून पक्कं होतं. पक्क्यावर पुन्हा काही काढता येतं का, याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. इतक्या पोरांवर महिनोन् महिने असा प्रयोग करायची परवानगी जगात कोणत्याही संशोधकाला मिळाली नसती. क्लासला परवानगी लागत नाही.

ते घरी आले, तर महानंदाबाई ओट्यापाशी थबकून उभ्या होत्या.

“अहो, ट्यूब जायला आली, फडफडायली होती. मी जरा डोळे मिटले,” त्या हळूच म्हणाल्या, “तर मला तुमचा खंड्या दिसला. मी तर क्लासला जात नाही. भिंतीआडून नंदूचं ऐकून ऐकूनच!”

“तुझं मीटर?”

“मीटर गेलं.” त्यांनी ट्यूबकडे बोट दाखवलं. “आधी ही बदला.”

नंदू खोलीत सराव करत होती. सर दारात उभे राहिले. तिनं पाठ म्हटलं, यंत्रानं शिफारस केली, तिनं डोळे उघडले.

“नंदू, म्हशी येतात का गं अजून?”

“आधी खंड्याच्या मागं असायच्या. लांब. आता नाही दिसत.” ती दिव्याची वायर बोटाला गुंडाळत होती. “परवा गाडीवरून जाताना उन्हात डोळे मिटले, तर तिथं पण खंड्याच. बाबा, एक विचारू? हे लिहिताना तुम्हाला कसला दिसला होता तो? माझ्या खंड्याच्या छातीवर पांढरा डाग आहे. तुमच्याही होता का?”

खोटं बोलायची चांगली संधी होती, आणि सर व्यवसायानं तिला सरावलेले होते. पण पोरीनं फार सरळ विचारलं होतं.

“मला काही दिसत नाही, बेटा. कधीच दिसलं नाही. डोळे मिटले की राखाडी. मला वाटायचं, सगळ्यांचं तसंच असतं.”

नंदूनं बोटावरची वायर सोडली.

“म्हणजे खंड्या कुणीच बघितला नव्हता?”

“नाही.”

“मग आम्ही एवढी सगळी जणं,” ती म्हणाली, “कुणाचं बघायलोत?”

सरांनी दिवा उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं. महानंदाबाईंनी जेवणाआधी ते उघडलं. “परीक्षा तोंडावर आलीय,” त्या म्हणाल्या. “तुमची तत्त्वं निकालानंतर काढा.” आणि त्यांचंही खरं होतं. पांढऱ्या म्हशींना घेऊन कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचं? नंदूनंच मध्यममार्ग काढला. “दिवा राहू द्या बाबा. आत काय सांगायचं ते माझं मी बघते.”

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पालकांची जत्रा भरली होती. एका आजीनं येणाऱ्या-जाणाऱ्या लेकरांच्या कपाळाला अंगारा लावण्याचा सपाटा चालवला होता. एक गृहस्थ मुलाला बजावत होते, “म्हातारी विसरू नको. मागच्या सरावात म्हातारी विसरलास.” सर भिंतीच्या सावलीला उभे होते. आतून, बंद खिडक्यांमागून, पुटपुट ऐकू येत होती, आरतीला उशिरा पोचलेल्यांसारखी, थोडी मागेपुढे, पण एकच. खंड्या... खंड्या... खंड्या. आपलं वाक्य आपल्यावरच चालून येतंय असं त्यांना वाटलं.

नंदू बाहेर आली ती सावकाश, गर्दीला वाट देत.

“काय सांगितलंस?”

“चला ना घरी.”

“नंदू!”

“काही दिसत नाही, असं सांगितलं.”

सरांना तिचा अभिमान वाटणार होता. खोटा खंड्या नाकारून पोरगी म्हशींवर पांघरूण घालून आली, जपून ठेवला तिनं आपला ऐवज, असं त्यांच्या मनात आलं. ते तसं बोललेही.

“तसं नाही बाबा.” तिचा आवाज विचित्र सपाट होता. “खंड्या आला. मी म्हणलं, जा. खूप जोर लावला. शेवटी गेला. मला वाटलं, त्याच्या मागं म्हशी असतील. काहीच नव्हतं. नुसतं राखाडी. तुम्ही म्हणता तसंच.”

सरांनी स्कूटरची किल्ली दोनदा खाली पाडली. राखाडीत त्यांचा जन्म गेला होता, त्याची त्यांना कधी अडचण झाली नव्हती. पण ज्याच्या घरात कधी वीजच नव्हती त्याचा अंधार वेगळा, आणि ज्याची वायर कोणी कापली त्याचा वेगळा. इथं वायर कोणी कापली होती ते उघड होतं.

निकालाच्या आधी गडबड उडाली. एका जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या उमेदवारांना, एकाच उंबरावर, एकाच बाजूला तोंड करून बसलेला एकच पक्षी दिसावा, हे यंत्रालाही जड गेलं. प्राधिकरणानं समिती नेमली. समितीनं आधी त्या जिल्ह्यात खंड्यांची संख्या वाढली आहे का, याची वनविभागाकडे चौकशी केली. मग खुलासा निघाला: समान दृश्य सांगणाऱ्यांना प्रवृत्तीचे सरासरी गुण देण्यात येतील. ज्यांनी ‘काही दिसत नाही’ असं सांगितलं, त्यांचा प्रामाणिकपणा मात्र निर्विवाद सिद्ध झाला असल्यानं त्यांना पूर्ण गुण. ‘अंतर्दीप’नं लगेच जोडून दिलं, की रिकामं मन हे शल्यविशारदाच्या असामान्य स्थैर्याचं लक्षण असल्याचं कंपनीचं पहिल्यापासूनच मत होतं.

राजनंदिनी हलकुडे जिल्ह्यात पहिली आली.

चौकात फलक लागला. नंदूचा फेटा बांधलेला फोटो, खाली ठळक अक्षरं: ‘काहीही न पाहता प्रथम!’ नातेवाइकांचे फोन आले, शेजारणींनी ओवाळलं, महानंदाबाईंनी ऑफिसात बर्फी वाटली. नंदू सगळ्यांच्या पाया पडली, हसली, फोटोत उभी राहिली. माणसं पांगली की ती खिडकीशी जाऊन बसायची, उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून. पापण्यांपुढे हाताची बोटं हलवत राहायची. कोणी आलं की हात खाली.

महानंदाबाईंनी ते पाहिलं होतं. “अहो, पोरगी काय शोधायलीय हो?” त्यांनी एकदा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदर तोंडाला लावला.

अशातच बिराजदार बुके घेऊन घरी आले.

“सर, जिंकलो आपण! आता पुढच्या वर्षी सगळं जग निरंक बघणार. नवी बॅच काढायची. ‘शून्यदर्शन’. दिवा लागला तरी पोरांना काही म्हणजे काही दिसलं नाही पाहिजे. अन् याला महाराष्ट्रात तुमच्यापेक्षा मोठा माणूस नाही. तुमचा तर पिढीजात अनुभव!”

“नको बिराजदार सर.”

“का? निरंक शिकवता येत नाही का?”

“येतं,” सर म्हणाले. “एकीला शिकवून झालंय.”

खिडकीशी बसलेल्या नंदूची बोटं थांबली. बिराजदारांना काही कळलं नाही. त्यांनी बर्फी तोंडात टाकली.

सर तिच्याकडे पाहत होते. बाहेर उन्हं कलायला लागली होती. एकाएकी त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही फिजिक्सचे. रस्त्याकडेची झाडं दीड मीटरवर एक असतील, आणि सेकंदाला दहा झाडं मागं पडायला हवी असतील, तर गाडी किती वेगानं न्यावी लागेल?”

बिराजदार बर्फी चावता चावता थांबले. कित्येक वर्षांत त्यांना कोणी खरा प्रश्न विचारला नव्हता. “सेकंदाला पंधरा मीटर. म्हणजे ताशी चोपन्न,” ते म्हणाले. “का हो?”

“नंदू,” सर उठले, “स्कूटरवर बस. निलंग्याच्या रस्त्याला जाऊन येऊ.”

“आता?” महानंदाबाई दारापर्यंत आल्या. मग लेकीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दोन हेल्मेट पुढं केली. “हळू जा, असं म्हणणार होते,” त्या म्हणाल्या. “पण जाऊ द्या.”

हलकुडे सरांची बॅटरीवरची स्कूटर आजवर पस्तिशीच्या पुढं गेली नव्हती. कॉलेजातली पोरं सायकलवरून त्यांना मागं टाकताना नमस्कार करायची. गाव संपलं, पश्चिमेकडची निलगिरीची रांग सुरू झाली. मधलीमधली झाडं रुंदीकरणात गेली होती, पण पुढं नाल्याच्या पुलापर्यंत सलग पट्टा उरला होता. सरांनी मूठ पिळली. स्कूटर थरथरली, वारा कानात शिरला, काटा पन्नासच्या पुढं सरकला.

“डोळे मिट! उजवीकडं तोंड कर!”

झाडाआडून झाडाआडून ऊन लपकायला लागलं.

“दिसतंय का?”

“राखाडी!” ती मागून ओरडली. थोड्या वेळानं, “खंड्या आला बाबा!”

पूल आला. सरांनी गाडी वळवली, पट्ट्याच्या टोकाला जाऊन पुन्हा फिरवली. सूर्य बोटभर खाली उतरला होता. एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेला. सरांना तिला काहीतरी द्यायचं होतं आणि त्यांच्याजवळ फक्त शब्द होते. त्याच शब्दांनी तर घात केला होता. पण हे शब्द त्यांचे नव्हते. तिचेच होते, ठेवीसारखे त्यांच्याकडे पडून राहिलेले.

काटा पुन्हा चोपन्नवर आला तसं सरांनी मान न वळवता, रस्त्यावरची नजर न काढता बोलायला सुरुवात केली. “बाबा, म्हशी आल्या! पांढऱ्या! विहिरीच्या काठानं फिरायल्यात! शिंगांवर पणत्या हायत! मला भ्याव नाही वाटायलं!”

वारा शब्द तोडून नेत होता. सरांनी तेच पुन्हा म्हटलं, अधिक मोठ्यानं, बांधावरच्या माणसानं वळून बघण्याइतकं. पूल दिसायला लागला. पट्टा संपत आला. पुढच्या फेरीपर्यंत सूर्य थांबणार नव्हता. “शिंगांवर पणत्या हायत!” ते घसा फोडून ओरडले.

खांद्यावरची पकड एकदम घट्ट झाली.

“पणत्या नाहीत बाबा!”

“काय?”

“पणत्या नाहीत! डोळेच तसले आहेत त्यांचे. शिंगांत दिसायलेत!”

“तूच म्हणाली होतीस, पणत्या!”

“तेव्हा लहान होते मी! नीट बघितलं नव्हतं! बाबा, हळू करू नका, हळू करू नका! एक रेडकू पण आहे मधी. ते उलटं फिरायलंय, सगळ्यांच्या मधून—”

रेडकू. सरांनी मनातल्या मनात सगळी वाक्यं चाळली. बसमधली, पहिल्या दिव्याची, तळ्याची. एकातही रेडकू नव्हतं. ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, कधी ऐकलंही नव्हतं.

त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे विचारायचा मोह त्यांनी आवरला, आणि पूल येईपर्यंत काटा चोपन्नवर धरून ठेवला.